जुन्या चिऱ्याच्या घराला आपलेपणा आणायचाय, हातात वीस हजार आहेत, कुठून सुरुवात करू?

कातळफूल

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आजेसासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर, मधली बरीच वर्षं फक्त गणपतीला आणि मे महिन्यात उघडायचं. आता मी, नवरा, सासूबाई आणि साडेचार वर्षांची लेक असे कायमचे राहायला आलोय. होते ते पैसे छपरात गेले, वासे बदलले, निम्मी कौलं नवी घातली, बाथरूम आत घेतलं, आणि आता उरलेत जेमतेम वीस हजार.

घर गळत नाही, सगळं ठीक आहे, पण आत आलं की अजून कुणाच्या तरी बंद घरात आल्यासारखं वाटतं. मे महिन्यात मी हौसेने ऑनलाइन सामान मागवलं होतं, माजघराच्या एका भिंतीला वॉलपेपर, एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या फळीची) शेल्फं, सहा फ्रेम्सचा सेट. श्रावण येईपर्यंत वॉलपेपरला फुगे आले, शेल्फं कडेने पावासारखी फुगली आणि फ्रेमच्या काचेमागे सासऱ्यांच्या फोटोवर काळे ठिपके पडले. सात हजार गेले त्याचं वाईट वाटलंच पण त्या फोटोचं जास्त वाटलं, तो एकच होता.

सासूबाई म्हणतात माळ्यावर बघ आधी. बघितलं तर दोन लाकडी पेटारे, तांदूळ धुवायच्या बांबूच्या पाच-सहा रोवळ्या, धान्य मोजायची पायली, कंदील, आजेसासूबाईंची सुती नऊवारी लुगडी, पितळेची भांडी, असं बरंच निघालं. पण हे सगळं मांडून ठेवलं तर घर होमस्टेसारखं दिसेल अशी भीती वाटते, मला घर पाहुण्यांसाठी नाही, आमच्यासाठी सजवायचंय. भिंतींना काय लावू, फोटो कसे लावू, दिवाळीपर्यंत काय काय होईल? प्लीज सांगा.

जांभ्यातला माणूस

ताई, मी राजापूरकडे जुन्या घरांचीच कामं करतो म्हणून सांगतो, पहिले पंधरा दिवस काहीच विकत घेऊ नका. तुमचा वॉलपेपर खराब नव्हता, भिंत ओली होती. जांभा, म्हणजे तुमच्या चिऱ्यांचा तांबडा दगड, पाणी पितो आणि पाऊस गेला की हळूहळू सोडतो, त्याच्यावर तुम्ही वॉलपेपर, पुट्टी, प्लास्टिक पेंट काहीही हवाबंद लावलंत की पाणी मागून ढकलणारच आणि पापुद्रे निघणारच, रंग कितीही महागाचा असू दे.

एक साधी टेस्ट करा. जाड प्लास्टिकचा फूटभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे, ऑक्टोबरचं ऊन अजून थोडं लागू द्या, दारं-खिडक्या दिवसभर उघडी ठेवा, पेटारे-कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

भिंत सुकली की चुना. आधीचा डिस्टेंपर असेल तर तो खरवडून काढायलाच लागेल, त्याच्यावर चुना धरत नाही. कळीचा चुना भिजवून, गाळून, दुधाइतका पातळ करायचा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी मारायचं मग पातळ तीन हात. ओला असताना काही लावलंच नाही असं वाटतं म्हणून लोक जाड थापतात आणि मग तो हाताला लागतो, पोपडे निघतात. धीर धरा, हवा लागली की तो पांढरा होत जातो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्यावर बुरशी सहज धरत नाही. रंग हवाच असेल तर शेवटच्या हातात गेरू मिसळा, सुंदर फिकट मातकट गुलाबी येतो. काम करताना हातमोजे आणि चष्मा घाला, लेकीला लांब ठेवा, डोळ्यात चुना गेला तर गंभीर इजा होते.

चारही खोल्या घरच्यांनी मिळून केल्या तर सामानाचा खर्च फार येत नाही. आणि खिळे-स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसच घ्या. समुद्र इतका जवळ असताना साधा खिळा एका पावसात गंजतो आणि चुन्यावर तांबडा ओघळ सोडतो, तो डाग परत जात नाही.

खाडीकाठ

अगो, फोटोचं वाचून जीव हळहळला. आमच्याकडे मालवणात आईच्या लग्नाचा फोटो असाच गेला. तुझा पूर्ण गेला नसेल तर आधी काचेतून सोडवायच्या भानगडीत पडू नको, चिकटलेला असला तर ओढताना चेहराच काचेला राहतो. काचेसकट चांगल्या उजेडात फोटो काढ किंवा स्टुडिओत स्कॅन करून घे, ठिपके ते कॉम्प्युटरवर काढून देतात. भिंतीवर नेहमी कॉपीच लावायची, मूळ फोटो कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. फ्रेम करताना फोटो आणि काचेमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांग म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटव, फ्रेम भिंतीपासून अर्धा इंच सुटी राहते, हवा खेळते. ह्या एवढ्याशा बुचांनी माझे फोटो सहा पावसाळे टिकलेत.

लुगड्यांचे पडदे शिव. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, साडेसहा फुटी दाराला दुमड धरून तीन पडदे बसतात आणि काठ आपोआप कडेला येतो. जिथे विरलंय तिथलं कापड गोधडीत घाल. पण एक लुगडं अख्खं ठेव हां, सासूबाईंना विचारून, कुठलं कापायचं आणि कुठलं नाही ते त्यांनाच ठरवू दे. मी न विचारता आजीचं एक कापलं, ते तिने माझ्या बाबांच्या बारशाला नेसलेलं होतं, मला ते नंतर कळलं आणि आजी काही बोलली नाही तेच जास्त लागलं.

रोवळीचा दिवा कर. उलटी टांगायची, बुडातून वायर घ्यायची, ५ किंवा ७ वॉटचा एलईडी, वॉर्म व्हाइट. साधा जुना पिवळा बल्ब अजिबात नको, बांबू तापतो. संध्याकाळी भिंतीवर अशी जाळीदार सावली पडते की दुसरं काही लावायची गरजच राहत नाही. आणि त्या रोवळ्यांना भुंगा लागलाय का बघ, खाली पिवळसर पीठ पडत असेल तर आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळव, नाहीतर ती कीड घरभर पसरते.

शिंपल्या गोळा करायच्या तर रिकाम्या घे, उकळून, उन्हात चांगल्या वाळवून, नाहीतर वास सुटतो. पण प्रवाळाचे तुकडे आणि मोठे शंख घरी आणू नको. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि काही जातींचे शंखसुद्धा. आमच्या इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे तरी लोक पिशव्या भरून नेतात, बघवत नाही.

पडवीकर

कातळफूल, मुली, तुला होमस्टेची भीती वाटते ती रास्त आहे. मी गुहागरचा, निवृत्त, आमच्या गल्लीत तीन होमस्टे झालेत आणि तिन्हीकडे दारात कंदील, बैलगाडीचं चाक आणि तांब्याचं घंगाळ आहे. वस्तू तीच, तुमच्या माळ्यावर आहे तीच. पण तिथे ती कुणी वापरत नाही, म्हणून ती मुकी दिसते. पायली शोकेसमध्ये ठेवू नकोस, तिच्यात छत्र्या ठेव किंवा लेकीचे रंग ठेव. पेटारा खिडकीखाली घे, वर गोधडीची घडी टाक, बसायला झालं आणि आत पांघरुणं राहिली. पितळेच्या भांड्यात रोज जास्वंदीची चार फुलं पडू देत.

आणखी एक कळकळीने सांगतो. रंगकाम सुरू व्हायच्या आधी घरातून एकदा हळू फिर आणि चौकटी, खांब, कोनाडे नीट बघ. आमच्या माजघराच्या चौकटीवर आम्हा पाच भावंडांच्या उंचीच्या खुणा होत्या, वडिलांनी चाकूने मारलेल्या, बाजूला साल. मी चार दिवस मुंबईला गेलो आणि रंगाऱ्याने सगळी चौकट पॉलिशपेपरने घासून चकचकीत ब्राऊन ऑइलपेंट मारून ठेवली. त्याची चूक नाही, त्याला मी सांगितलंच नव्हतं. धाकटा भाऊ आता नाही, त्याची खूण सगळ्यात खाली होती. जे राखायचं त्याच्यावर आधी टेप लाव, मग रंगाऱ्याला घरात घे.

उजेडाचं सांगतो, तुमच्या स्वयंपाकघरात किंवा माजघरात अंधार असेल तर छपरात दोन-तीन काचेची कौलं बसव. दुपारी जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो आणि सरकत जातो, माझी नात त्याच्यात बसून चित्रं काढते.

पिंगुळीकडची

वरच्या सगळ्यांशी सहमत. पैसे उरले तर एकच वस्तू विकत घे आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या कारागिराची घे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, १२० गोल पानं असतात पूर्ण संचात, पण अख्खा संच कशाला, आवडीची मोजकी सुटी पानं मिळाली तर तेवढी फ्रेम कर. मागे ही कला संपत आली होती, तिथल्या राजघराण्याने ती पुन्हा उभी केली, राजवाड्यात कारागीर काम करताना बघायला मिळतात. लेकीला तिथल्याच चितारआळीतली लाकडी भाजी आणि फळं घे, प्लास्टिकपेक्षा कितीतरी छान.

नाहीतर कुडाळजवळ आमच्या पिंगुळीला ये. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, इथली. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यातच संग्रहालय केलंय, तिथे कळसूत्री बाहुल्या आणि जुन्या चित्रांच्या पोथ्या बघायला मिळतात. छापील पोस्टरपेक्षा हाताने काढलेलं एक लहान चित्र भिंतीवर असू दे.

आणि तुमच्याकडे गणपतीची भिंत रंगवायची पद्धत होती का? आमच्याकडे दर चतुर्थीला गणपतीमागच्या भिंतीवर नव्याने चित्र काढतात, वेली, मोर, समुद्र, घरातल्याच कुणीतरी काढलेलं. हल्ली लोक बॅनर लावतात पण ज्या घरात ती भिंत आहे तिथे वर्षभर ते चित्र राहतं. तुझी लेक साडेचार वर्षांची आहे म्हणजे खालचा दोन फुटांचा पट्टा तिचा!

कातळफूल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. प्लास्टिकची टेस्ट केली, मागच्या भिंतीला दव आलं, पुढच्या तीन कोरड्या आहेत, म्हणजे मागची दिवाळीनंतर. एक शंका, फोटो लावायला ड्रिल केलं की चिरा भुगा होऊन पडतो आणि स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी धरतच नाही, काय करायचं?

जांभ्यातला माणूस

प्रत्येक फोटोला वेगळं भोक पाडूच नका. भिंतीच्या वरच्या अंगाला, दाराच्या चौकटीच्या उंचीवर, एक तीन इंची लाकडी पट्टी आडवी मारा, दोन चिऱ्यांच्या सांध्यात न घेता चिऱ्याच्या मध्यावर लांब स्क्रू घ्या, चार-पाच भोकांत काम होतं. त्या पट्टीला पितळी हुक आणि फोटो दोरीने खाली सोडायचे. उद्या फोटो बदलले, वाढले, तरी भिंतीला धक्का नाही. छपराच्या कामातले जुने वासे जाळले नसतील तर त्यातलाच एखादा चिरून घ्या, वाळवी खाल्लेला भाग सोडून.

कातळफूल

तीन आठवड्यांनी लिहितेय. वासे होते गोठ्यामागे रचलेले, त्यातलीच पट्टी झाली. माजघर आणि पडवीला चुना झाला, तीन हात, तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघितलं तर भिंती खरंच उजळलेल्या. तीन पडदे झाले, रोवळीचा दिवा लागला, आतापर्यंत साडेआठ हजार खर्च. लुगडी सासूबाईंनीच निवडली, एक हिरवं त्यांनी काही न सांगता परत पेटाऱ्यात ठेवलं, मी विचारलं नाही.

पण लिहायचं कारण वेगळंच. गणपतीच्या खोलीतला डिस्टेंपर खरवडताना आधी पोपटी थर निघाला, मग गुलाबी, आणि त्याच्या खाली निळ्यावर एक पोपट दिसायला लागला. वीतभर असेल, चोचीत आंब्याची डहाळी, एक पंख अर्धा पुसलेला. नवऱ्याने हात थांबवला आणि आईला हाक मारली. त्या दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "ह्यो पोपट तेंनी काढलेलो. माझ्या पहिल्या चतुर्थीक." सासऱ्यांना चित्र काढता येत होतं हे माझ्या नवऱ्याला माहीतच नव्हतं.

तेवढा चौकोन आम्ही टेप लावून तसाच ठेवलाय. पण बोट लावलं की निळी पावडर हाताला येते. वरून वार्निश मारू का? की काच लावू?

जांभ्यातला माणूस

दोन्ही नको. वार्निशने रंग काळवंडेल आणि मागची ओल आली की वार्निश रंग घेऊनच सुटेल, काच लावलीत तर आत दव धरेल, तुमच्या फोटोचं झालं तेच. हात लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, समई तिथून तीन-चार फूट लांब ठेवा म्हणजे काजळी धरणार नाही. चांगल्या कॅमेऱ्याने सरळ समोरून फोटो काढून ठेवा, कडेला फूटपट्टी धरून, म्हणजे माप राहील. आणि सभोवती चुना मारताना कडेचे चार इंच सोडा, ओघळ आत जातो.

कातळफूल

सोडलेत. आज सकाळी सासूबाई पाट घेऊन त्याच्यासमोर बसल्या होत्या, लेकीला पंख कुठून कुठे होता ते बोटाने हवेत दाखवत होत्या.