अनुभव धागा: प्रोग्रामर मंडळी, आपली ओळख सांगा

पद आणि कंपनी इथे नको. स्वतःच्या हौसेने काय बनवलंत, कुणाला शिकवता आणि संगणक मिटल्यावर कशात रमता, तेवढं लिहा. मराठीशी संबंधित कामं आवर्जून. सुरुवात मीच करतो.

पुणे, गाव साताऱ्याकडे

पोटापाण्याला पायथॉन ही संगणकभाषा. जिव्हाळ्याचं काम मात्र गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची. दाखल-रजिस्टरवरून यादी चढवली, अकारविल्हे लावली, आणि ग्रंथपाल काकांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "‘क्षितिज’ हे ‘खडक’च्या आधी कसं?"

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क्ष’ला स्वतंत्र जागा नाही. क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचं ते जोडकाम, त्यामुळे ते क च्या घरात जातं. ‘ळ’ला जागा आहे, पण ल च्या लगेच नंतर, म्हणून ‘कळस’ येतो ‘कवच’च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्याही मागे. पायथॉनची साधी क्रमवारी या चिन्हांच्या क्रमांकांवर चालते. मग वर्णमालेचा क्रम सांगणारं छोटं फंक्शन लिहिलं, आणि काकांना हवी तशी यादी मिळाली. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी स्वतः लिहून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

रविवारी तिथेच आठवी-नववीची मुलं शिकायला येतात. ‘क्षमा’ची लांबी विचारली तर पायथॉन ५ सांगतो, मुलांना अक्षरं दिसतात दोनच. ती पाच चिन्हं फळ्यावर सुटी करून मांडली की स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची माळ, वेगळी शिकवावी लागत नाही. घरी सरावाला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे देतो.

छंद गडांचा. वाटेवरची पाण्याची टाकी आणि फुटणाऱ्या पायवाटा ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर मराठी नावांसह टाकतो. उन्हाळ्यात कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं असतं, हे आधी गावकऱ्यांना विचारून घेतो.

रत्नागिरीजवळ, निवृत्त

मुंबईत एका बँकेच्या, कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रणालीवर माझी नोकरी झाली. वायटूकेचं, म्हणजे २००० सालच्या तारखांच्या अडचणीचं, काम आठवतं. जुन्या नोंदींत वर्षाला दोनच अंक. ९५ सालची ठेव ०० साली मोजायला घेतली की मुदत उणे ९५ वर्षं. एकेक फाइल उघडून वर्षाचा रकाना रुंद केला. १ जानेवारी २००० उजाडताना आम्ही सगळे कचेरीतच होतो, आणि काही अडलं नाही. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

आता बचत गटातल्या बायकांना स्प्रेडशीट शिकवते. सूत्र घालण्याआधी तोच हिशेब वहीत करून घेते. उत्तर आधी ठाऊक असलं की सूत्र चुकलेलं त्यांचं त्यांना कळतं. चाचणी कशी घ्यायची, हे नोकरीत नव्या मुलांनाही मी असंच शिकवायचे.

पावसाळ्यात मी आंब्याची कोय कलमं बांधते. रोपाची पानं तांबूस असतानाच शेंडा कापून हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची, पट्टी घट्ट गुंडाळायची. पानं हिरवी झाली की उशीर झाला समजा.

डोंबिवली

वेब डेव्हलपर, आणि तबल्याचा विद्यार्थी. रियाजासाठी लेहऱ्याचं, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेचं, ॲप लिहिलं, आणि त्यातूनच शिकवण्याची युक्ती सापडली. मॉड्युलो, म्हणजे भागाकाराची बाकी, म्हटलं की मुलं गोंधळतात. मी विचारतो, पस्तिसावी मात्रा तीनतालात कुठे पडेल? १६ ने भागा, बाकी ३, म्हणजे तिसरी मात्रा. रूपकात? ७ ने भाग जातो, बाकी शून्य, म्हणजे शेवटची मात्रा, आणि पुढे लगेच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. रूपकाची सम टाळीवर नाही, ‘खाली’वर (टाळी न देता हात फिरवायच्या मात्रेवर) असते, हे ॲपमध्ये वेगळं सांगावं लागलं, कारण माझ्या कोडने सम म्हणजे टाळी असंच धरलं होतं.

न्यू जर्सी

शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. मुलांसाठी आकड्यांचा खेळ केला. ५९ म्हणजे एकोणसाठ, पुढच्या दशकाचं नाव घेऊन; इथल्या मुलांना तेच जड जातं. आधी नियम लिहून आकडे तयार करू पाहिले, पण ‘नव्व्याण्णव’ नियमात बसेना, आणि ‘बावीस’, ‘बत्तीस’, ‘बेचाळीस’ यांची रूपंही आपापली. शेवटी पूर्ण यादीच दिली. पुढचं पाऊल पावकी-निमकीचं, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांचं. कुणाला पाऊणकी तोंडपाठ असेल तर रेकॉर्ड करून पाठवा, आजीचा आवाज असेल तर फारच छान.