एक ५५५, एक ४०१७ आणि दहा एलईडी : सुट्या पार्टांच्या दुकानांचे अनुभव येऊ द्या

माळ्यावरचा

गणपती तोंडावर आले म्हणून काल माळ्यावरून आराशीचं खोकं काढलं. तळाशी कॉलेजात असताना बनवलेला रनिंग लाइटचा बोर्ड निघाला. ५५५ हा टायमर आयसी (चिप) ठोके देणार, ४०१७ हा दुसरा आयसी ते मोजत एकेक पाय चालू करणार, प्रत्येक पायावर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि पुढे दिवा चालू-बंद करणारा रिले. त्या वर्षी आख्ख्या वाड्यातली मुलं बघायला आली होती. लावून पाहिला तर एकच दिवा लागून राहिला, पुढे सरकेना. म्हणजे ५५५ ठोके देत नाही. आयसी बेसवर आहे, जुना उपटायचा, नवा बसवायचा, एवढंच काम.

पुण्यात बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबावरून तपकीर गल्लीत शिरलो. गल्ली गजबजलेलीच आहे. माझं नेहमीचं दुकानही आहे, पाटी तीच. पण काउंटरवर मोबाइलची कव्हरं, चार्जर, सीसीटीव्ही, एलईडीच्या पट्ट्या. मुलगा भला होता. म्हणाला, "काका, आयसी आता ठेवत नाही, आत दोन दुकानं सोडून विचारा." आत मिळाला. तरी घरी येईपर्यंत मन लागेना.

कारण त्या काउंटरमागे जे काका बसायचे ते नुसते पार्ट देत नसत. यादी हातात घेऊन वाचायचे. माझ्या पहिल्याच ५५५ च्या सर्किटवर त्यांनी पेन्सिल टेकवली होती, "पाच नंबरचा पाय मोकळा सोडू नकोस, ०.०१ चा कंडेन्सर लाव ग्राउंडला." आमच्या सरांनी हे शिकवलं नव्हतं. रांगेत माझ्यामागे घाईतले मेकॅनिक उभे असायचे, तरी त्यांनी कधी हाकललं नाही. एक रेझिस्टन्स घेतला तरी कागदाच्या पुडीत, पुडीवर किंमत लिहून.

तुमच्या गावात असं दुकान होतं का? आता काय आहे तिथे? लिहा.

ग्रँट रोड फास्ट

मुंबईचा लॅमिंग्टन रोड!! पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कोणी म्हणताना ऐकलं नाही. शनिवारी हाफ डे झाला की थेट. फुटपाथवर जुन्या प्रिंटरच्या स्टेपर मोटर, हार्ड डिस्कमधली चुंबकं, केबलचे गठ्ठे. दुकानात शिरलं की शेठ मान वर न करता "बोलो", आपण धाडधाड यादी म्हणायची, आतला पोऱ्या न लिहिता सगळं आणून टाकणार. डायोड ४००१ मागितला की ४००७ देणार, तो १००० व्होल्टचा, ५० वाल्याच्या जागी चालतोच. हे मी तिथेच शिकलो, पुस्तकात नंतर वाचलं.

लॅमिंग्टन मेलाय असं मात्र म्हणणार नाही. सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), मोटर ड्रायव्हर, सगळं मिळतं. बदल असा की बऱ्याच ठिकाणी सुटं देत नाहीत, "सौ का पैकेट लो". शंभर बीसी ५४७ घेऊन मी काय करू? शिकणाऱ्या पोराने काय करायचं?

सदाशिवपेठी

अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकायची, त्याच पैशात तपकीर गल्लीतून पार्ट. आई विचारायची पुस्तकं कुठे गेली :)

वाहता करंट

बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ. रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्यांचा क्रम लक्षात ठेवायचं वाक्य, अजून पाठ. काल नातवाला शिकवलं तर म्हणे आजोबा फोनचा कॅमेरा धरा, तो रंग ओळखतो. ओळखला खरं, पण तपकिरीला लाल म्हणाला!

वाहता करंट

वरचं घाईत लिहिलं, कुकर लावला होता. मूळ मुद्दा राहिला. मी रेडिओवाल्या पिढीतला. घरात रेडिओ ठेवायला पोस्टात लायसन्स काढायला लागायचं तेव्हाची गोष्ट. मीडियम वेव्हचा सेट जुळवायचा तर गँग, फेराइट रॉडची कॉइल, तीन रंगांच्या आयएफटी, स्पीकर, सगळं एकाच दुकानात मिळायचं. एसी १२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले तेव्हा दुकानदारानेच सांगितलं की सिलिकॉनचा नुसता बदलून लावू नका, आवाज फाटेल. जर्मेनियम ०.२-०.३ व्होल्टवर चालू होतो, सिलिकॉनला ०.६ लागतात, बायसचा रेझिस्टन्स बदला. त्याने कोणता बदलायचा तोही काढून दिला. दहावी नापास माणूस होता. इतकं नेमकं सांगणारे मला पुढे नोकरीतही फार भेटले नाहीत.

खण क्रमांक सात

धागा वाचून राहवलं नाही. आमचं दुकान होतं. गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

हौशी मंडळींना वाटतं दुकान त्यांच्यावर चालायचं. प्रेमाने सांगतो, तसं नव्हतं. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघरी यायला लागले, त्यावर बाबांनी दुकान वाढवलं. खरं गिऱ्हाईक टीव्ही मेकॅनिक. बीयू २०८, बीयू ५०८ ट्रान्झिस्टर, ईएचटी, ट्यूनर, रिमोट, सगळे टीव्हीचेच पार्ट. सकाळी शटर उघडायच्या आधी सायकली लावून उभे असायचे. उधारीची वही त्यांचीच. त्या धंद्यावर बाबांना कॉलेजच्या पोरांना एकेक रेझिस्टन्स देणं परवडायचं. त्यात नफा नव्हताच. पोरं आलेली त्यांना आवडायची म्हणून द्यायचे.

मग पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले. नव्या टीव्हीचं पॅनेल गेलं की लोक टीव्हीच बदलतात, बोर्ड बिघडला तर बोर्ड. बोर्डावरचा पार्ट तांदळाच्या कणीएवढा, त्याला हात लावायला हॉट एअरचं मशीन हवं. मेकॅनिक एकेक करून मोबाइलकडे किंवा डिशच्या कामाकडे वळले. ते गेले तेव्हाच दुकान गेलं होतं. ऑनलाइनने मारलं असं सगळे म्हणतात, पण ऑनलाइन आमच्याकडे नंतर पोचलं.

त्यात आमच्या धंद्यात माल हलत नाही. हजारो प्रकार खणांत, निम्मे वर्षानुवर्षं पडून, पैसा अडकलेला. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा प्रत्येक वस्तूचा कोड टाकून कॉम्प्युटरवर बिल करायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, आता तू बघ. मी बॅटरी-इन्व्हर्टरमध्ये गेलो. माल भंगारात किलोवर गेला. खण मात्र ठेवलेत, लेबलं बाबांच्या अक्षरातली आहेत.

ग्रँट रोड फास्ट

खण, हे डोक्यातच आलं नव्हतं कधी. मेकॅनिक लोकांचा आम्हाला रागच यायचा, मध्ये घुसतात म्हणून. त्यांच्याच पैशावर आमचा छंद चालायचा तर.

माळ्यावरचा

खण, मनापासून आभार. बाबांना नमस्कार सांगा असं लिहिणार होतो...

खण क्रमांक सात

गेले ते २०१९ ला. पण तुमचा ५ नंबरच्या पायाचा किस्सा ऐकून खूश झाले असते.

सोल्डरचा वास

थोडं वेगळं लिहिते, कोणी वाईट वाटून घेऊ नका. नव्वदच्या दशकात डिप्लोमाला वर्गात मुली मोजक्याच. त्या दुकानांच्या काउंटरला गच्च गर्दी, आपला नंबर येईपर्यंत मागचे लोक डोक्यावरून हात घालून माल घेऊन जायचे. "भावाला पाठव ना यादी देऊन" हेही ऐकलंय. एका दुकानातले चाचा मात्र मला बघितलं की बाकीच्यांना थांबवायचे, "पहले बेटी का". त्यांच्यामुळे माझा प्रोजेक्ट पूर्ण झाला, हे मी जन्मभर विसरणार नाही.

माझी लेक ईएसपी ३२ (वायफायवाला छोटा बोर्ड) फोनवरून मागवते. कुणासाठी घेतेस असं तिला कोणी विचारत नाही. मला त्या गल्लीची आठवण येते, डोळे भरतात, पण तो काळ जसाच्या तसा परत यावा असं म्हणवत नाही.

वाहता करंट

ताई, बरं झालं लिहिलंत. आम्ही काउंटरच्या पुढच्या रांगेतले, आम्हाला हे दिसलंच नाही.

मामाचं पार्सल

तुम्ही नशीबवान, दुकान आठवतंय तरी. आमच्या चिपळूणच्या पलीकडल्या खेड्यात दुकान कुठलं! वाचनालयात 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे जुने अंक यायचे, सर्किट वहीत उतरवून घ्यायचो. मामाला मुंबईला पत्रातून यादी. तो यायचा मे महिन्यात नाहीतर गणपतीत. यादीतला एक पार्ट राहिला की पुढच्या सुट्टीपर्यंत वाट. मामा कपड्यांच्या दुकानात कामाला, त्याला एनपीएन-पीएनपी काय कळणार, पण यादी हातात धरून लॅमिंग्टन रोडवर उभा राहायचा माझ्यासाठी. एकदा एलईडी मागितल्या तर वाटेत कागद ओला होऊन शाई फुटली, म्हणून त्याने दुकानदाराला विचारून "पोरं काय काय नेतात ते सगळं थोडं थोडं द्या" सांगितलं. तो सगळ्यात भारी खजिना होता. धून वाजवणारा युएम ६६ आयसी पण होता त्यात, वाजायला लागला तेव्हा आजी देवघरातून उठून आली.

बाकी पार्ट बंद पडलेल्या रेडिओतून काढायचे. पाय आखूड, जपून वापरायचे.

आता त्याच खेड्यात कुरिअरवाला येतो. भाच्याने हवामान मोजायचं यंत्र केलंय, कलमांच्या बागेत बसवलंय. त्याला दुकान नसल्याचं काही वाटत नाही. त्याला विचारायला कोणी नाही, हे मात्र मला दिसतं. व्हिडिओत दाखवतात ते सर्किट चालतं. तो पार्ट मिळाला नाही तर दुसरा कुठला चालेल, हे व्हिडिओ सांगत नाही.

सोल्डरचा वास

मामांना दंडवत.

बे एरिया पुणेकर

इकडे अमेरिकेतही तेच चाललंय. रेडिओशॅकने २०१५ मध्ये दिवाळं जाहीर केलं. त्यांच्या दुकानात मागच्या भिंतीला पार्टांचे खण असायचे, शेवटी शेवटी पुढे नुसते मोबाइल. इथलं फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स हे माझं आवडतं दुकान, सिलिकॉन व्हॅलीतले इंजिनियर रविवारी तिथेच भेटायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळी दुकानं एकदम बंद झाली. जिथे चिपचा धंदा वाढला तिथे आज संध्याकाळी एक रेझिस्टन्स हवा असेल तर बहुतेक वेळा उद्यापर्यंत थांबायला लागतं. पुण्याला आलो की तपकीर गल्लीत चक्कर असतेच, बायको तुळशीबागेत, मी इकडे.

सदाशिवपेठी

हा हा, अर्ध्या पुण्याची हीच वाटणी.

टेप अडकली

जरा अवांतर. जुन्या कॅसेट प्लेअरचा रबरी बेल्ट कुठे मिळेल? बाबांच्या आवाजातलं कीर्तन आहे कॅसेटवर. मोटर फिरते, चाक फिरत नाही.

ग्रँट रोड फास्ट

टेप, आधी जुन्या बेल्टचे वितळलेले अवशेष पुलीवरून स्पिरिटने पुसून काढा, नाहीतर नवाही घसरेल. मापाला दोरा पुलींवरून फिरवून लांबी मोजा, बेल्ट त्याहून थोडा कमी घ्या म्हणजे ताण राहील. ऑनलाइन मिक्स मापांची पाकिटं मिळतात. आणि कॅसेट चालली की पहिल्यांदाच रेकॉर्ड करून घ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्यांदा चालेल याची खात्री धरू नका.

टेप अडकली

खूप आभार दादा. आज रात्रीच बघतो.

वर्कशॉपवाले सर

मी आयटीआयमध्ये शिकवतो, तालुक्याच्या गावी. आमचा ट्रेड पूर्वी रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिक होता, आता इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक म्हणतात. गावातलं पार्टांचं शेवटचं दुकान बंद झाल्यापासून मुलांची फार अडचण होते. सात रुपयांच्या मालावर कुरिअरचा खर्च त्याच्या कितीतरी पट. आणि पार्ट जळेल या भीतीने मुलं हातच लावत नाहीत. पूर्वी जळला की मुलगा सायकल काढून दुकानात जायचा, अर्ध्या तासात परत. ती निर्धास्ती गेल्यावर हात बसत नाही, हे मी रोज बघतोय.

म्हणून वर्कशॉपमध्ये एक कपाट सुरू करतोय. मुलांनी लागेल ते घ्यायचं, होतील तसे पैसे डब्यात टाकायचे. गावातला कोणीही आला तरी द्यायचं. पैसा मर्यादित आहे. जाणकारांनी सांगावं, सुरुवातीला काय काय भरू?

वाहता करंट

सर, ई १२ मालिकेतल्या (रेझिस्टन्सच्या ठरलेल्या बारा किमतींच्या) सगळ्या किमती घ्यायच्या मोहात पडू नका. रेझिस्टन्स १०, २२, ४७ च्या पटीतले, शंभर ओहमपासून एक मेगपर्यंत. बाकी किमती मुलांना सिरीज-पॅरलल करून काढू द्या, तोही अभ्यासच. पाव वॉट पुरे.

ग्रँट रोड फास्ट

बीसी ५४७ आणि ५५७ जोडीने. ४००७ भरपूर. पाच व्होल्ट देणारा ७८०५ हीटसिंकसकट. ५५५ डझनाने, आणि आयसीचे बेस आयसीपेक्षा जास्त. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र थोडेच आणा, पडून पडून सुकतात.

सोल्डरचा वास

चांगली सोल्डर वायर घ्या सर, स्वस्तातली नको. वाईट सोल्डरने मुलं स्वतःलाच दोष देत बसतात. आणि कपाटाची किल्ली एका मुलीकडे ठेवाल का?

वर्कशॉपवाले सर

ठेवतो ताई. आमच्या बॅचमध्ये एक आहे, तिचं सोल्डरिंग सगळ्यात स्वच्छ.

मामाचं पार्सल

सर, कपाटावर एक वही लटकवा. कुठल्या पार्टऐवजी कुठला चालला ते ज्याने करून पाहिलं त्याने लिहायचं.

खण क्रमांक सात

सर, बाबांची पर्यायी पार्टांची वही माझ्याकडे आहे. फोटो काढून पाठवतो, शाई पुसट आहे, उजेडात काढावे लागतील. ईमेल निरोपात टाका.