तूर स्वस्त हवी, पण कुणाच्या जिवावर?

काळं_रान (उदगीर)
काल इथे एकानं लिहिलं, ‘हमीभाव मिळतोच, मग आफ्रिकेतून तूर आणली तर शेतकऱ्याच्या पोटात का दुखतं?’ ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. २०१५ला डाळ २०० रुपयांवर गेली. सगळे म्हणाले, तूर लावा. आम्ही लावली. देशाचं उत्पादन एका हंगामात २५ लाख टनांवरून ४८ लाखांवर गेलं. पेरणी चालू होती त्याच जुलैत, २०१६ साली, सरकारनं आफ्रिकेतल्या मोझांबिकशी तुरीचा पाच वर्षांचा आयात करार केला. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५०. खरेदी केंद्राबाहेर मी नऊ दिवस ट्रॅक्टर लावून बसलो, बारदाना नव्हता. शेवटी व्यापाऱ्याला ३८०० नं घातली. हा आमचा हमीभाव.

वरणभात
ती पोस्ट माझीच. नवरा एकटा कमावतो, घरात पाच माणसं. २०१५ला मी आठवड्यातून दोनदाच वरण केलं, पोरांना पातळ आमटी वाढली. भाव चढल्यावर सरकारनं हात बांधून बसायचं का?

काळं_रान
ताई, आणा. पण आमचा माल बाजारात येतो त्या डिसेंबर-जानेवारीत आणू नका.

बांधावरचा
आयात सोडा. तूर कापायला माणूस कुठाय? फुकट धान्य सुरू झाल्यापासून कुणी रानात यायला तयार नाही. मागच्या साली माझ्या शेंगा वाळून तडकल्या, निम्मी तूर रानात सांडली.

रोजंदारी
थांबा. माझी आई तुमच्यासारख्यांच्याच रानात जाते. महिन्याला माणशी पाच किलो धान्यावर घरी बसून दाखवा. दिवसाची मजुरी बाईला ३०० अन् गड्याला ५००, त्यावर बोला की.

बांधावरचा
तीनशे रोज परवडत नाहीत म्हणूनच गुत्तं देतो, सगळ्या कामाचा एकदाच ठेका. तुम्हाला शेतीचा खर्च माहीत नाही.

रोजंदारी
खर्च माहीत नाही? तुमची तूर माझ्या आईनं बडवलीय, हातावरची कुसळं मी काढलीत! पाच किलोत गहू-तांदूळ येतो. डाळ विकतच घ्यावी लागते. धान्याचे वाचलेले पैसे डाळीला, तेलाला, अंड्याला जातात. २०२२-२३च्या सरकारी खर्च पाहणीत खेड्यातल्या घराचा ४६ टक्के खर्च खाण्यावर आहे, त्यात तृणधान्यावर जेमतेम पाच. तुमचं गिऱ्हाईक आम्हीच आहोत. मजुरी दाबाल तर डाळ घेणार कोण?

बांधावरचा
आवाज चढवू नका. दोन मोसम माणसं मिळाली नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

समुद्रापल्याड
मी चार वर्षं मोझांबिकमध्ये नोकरीला होतो. तिथला माणूस तूर फारशी खात नाही, भारतासाठीच पेरतो. ऑगस्ट २०१७मध्ये आपण आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा त्यांचेही भाव कोसळले. मे २०२१ला आपण पुन्हा दार उघडलं. कधी हो, कधी नाही, यात दोन्हीकडचा शेतकरी मेला.

वरणभात
काळं_रान, काढणीच्या दिवसांत आयात नको, हे मान्य. पण ऑगस्टमध्ये भाव भडकले तर मी आयात मागणारच.

काळं_रान
मागा. रोजंदारी, आईच्या मजुरीचं तुम्ही बोललात ते मनाला लागलं. मीही ३००च देतो. २०२५-२६ला जाहीर झालेला ८०००चा हमीभाव खरंच हातात पडला तर ४०० देईन, आज नाही देऊ शकत.

रोजंदारी
आईला सांगतो. वरच्या शंभर रुपयांत घरात डाळ येते.