मदत हवी आहे: आई रात्री पलंगावरून उठताना पडते, अलार्मबद्दल अनुभव सांगाल का?

आई ७८ वर्षांची, अल्झायमर मधल्या टप्प्यातला. दिवसा काठीने चालते, सोबत मावशी असतात. प्रश्न रात्रीचा आहे. लघवीला म्हणून एकदम उठते आणि पलंगाशेजारीच पडते. अजून हाड मोडलेलं नाही, पण तिची हाडं ठिसूळ आहेत. या वयात खुबा मोडला तर पुन्हा पहिल्यासारखं चालता येईलच असं नाही, त्याची फार धास्ती वाटते.

झोपलेली असताना आणि उभी राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजलं, वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरतो. डॉक्टरांनी झोपेची गोळी बंद केली, बीपीचं औषध बदललं. लघवीचा संसर्ग नाही. बाथरूममध्ये धरायला दांड्या, रात्री मंद दिवा, सतरंज्या काढल्या, पलंगही बुटका केला. बेल दिली, पण ती दाबायची हे लक्षात राहत नाही. कृपया कठडा सुचवू नका: ती तो ओलांडायला जाते, मग आणखी उंचावरून पडायची भीती. बांधून ठेवणं तर आम्हाला मान्यच नाही.

आता गादीखालच्या पट्टीचा अलार्म (पट्टीवरचा भार हलला, म्हणजे माणूस उठला, की वाजणारा) घ्यायचा विचार आहे. तो तिच्या खोलीत वाजायला नको, दचकून ती आणखी घाईने उठेल. माझ्या खोलीत वाजायला हवा. आमच्याकडे रात्री वीजही जाते.

कोणी घरी वापरला आहे का? कापसाच्या जाड गादीखाली तो चालतो, की पट्टी चादरीखालीच ठेवावी लागते? आणि माणूस उठून बसताच वाजतो, की पलंग सोडल्यावर?