शिळ्या कढीला ऊत: नाताळातला विलायती टीव्ही

इंग्लंडात 25 डिसेंबर काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रेन नाही, ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) नाही, मोठी दुकानं तर 2004 च्या कायद्यानंच बंद. उरतो टीव्ही. त्यावर थोडं नवं आणि बरंचसं आपल्या लग्नाआधीचं! इथले लोक दरवर्षी ‘पुन्हा रिपीट्स?’ म्हणून कुरकुरतात आणि दरवर्षी तेच बघत बसतात. माझ्यावर मात्र रिपीट्सचे उपकार आहेत. पहिल्या नाताळात विनोद डोक्यावरून गेला, दुसऱ्यात शब्द कळले, तिसऱ्यात बाकीच्यांच्या बरोबरीनं हसू आलं. तुमचे अनुभव लिहा. कंटाळलेलेही चालतील.

लेस्टरहून, मुक्काम 1974 पासून

आमच्या घरमालकीणबाईंचा दंडक होता: जेवण तीनच्या आत आटपायचं, कारण तीनला राणीचं भाषण. हीच वेळ का, ते फार नंतर वाचलं. 1932 साली पाचव्या जॉर्जनं रेडिओवरून पहिलं भाषण केलं, तेव्हा शॉर्टवेव्हवर साम्राज्यातल्या जास्तीत जास्त मुलखांत ते पोचावं म्हणून ती वेळ धरली होती. म्हणजे आपले आजोबाही त्या हिशेबात होतेच. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही 1932 चंच. संबंध काही नाही, पण साल डोक्यात बसलंय.) टीव्हीवर भाषण आलं 1957 मध्ये.

पहिल्याच नाताळात राष्ट्रगीत लागलं, बाई ताडकन उभ्या राहिल्या. माझ्या मांडीवर ताट. मीही उठलो. ग्रेव्ही आणि ब्रसेल्स स्प्राउट्स थेट गालिच्यावर. राष्ट्रगीत संपेपर्यंत दोघांपैकी कुणी खाली बघितलं नाही.

हॅरोहून

1990 च्या डिसेंबरात आई पुण्याहून आली होती. तेव्हा ‘रेडिओ टाइम्स’मध्ये फक्त बीबीसीचे कार्यक्रम छापायचे, आयटीव्हीसाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळा घ्यायचा. मार्च 1991 मध्ये ही भानगड संपली. नाताळाचे दोन्ही जाडजूड जोडअंक मी घरी आणले, तर आई म्हणाली, “हे तुमचे दिवाळी अंक वाटतं?” आणि पेन घेऊन बसली. मुलं कार्यक्रमांभोवती निळे गोल काढायची, ती लाल. भांडणं व्हायची. घरात टीव्ही एकच.

इंग्रजी तिला वाचता छान यायचं, उच्चार मात्र कळायचे नाहीत. मी तिला सीफॅक्सचं, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या बीबीसीच्या सेवेचं, 888 नंबरचं पान दाखवलं, ज्यावर बोलणं खाली लिहून येतं. मग काय, ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचे जुने भाग ती शाळेतल्या बाईंसारखी वाचत बघायची आणि सबटायटलमधल्या चुका मला सांगायची. त्याच सुमारास बीबीसी टूवर आपलं ‘महाभारत’ लागत होतं. मी कौतुकानं तिला बोलावलं. एक मिनिट बघून म्हणाली, “हे रिपीट आहे.”

डॉक्टर, सध्या निवृत्त

नाताळाच्या आठवड्यातल्या ड्यूट्या आम्ही देशी मंडळी अंगावर घ्यायचो आणि बदल्यात दिवाळीची रजा मागायचो. रजा मिळायचीच असं नाही.

29 डिसेंबर 1996, रविवार. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या विनोदी मालिकेचा त्या वर्षीच्या तिनांतला शेवटचा भाग. 2 कोटी 43 लाख लोक टीव्हीपुढे होते म्हणे, त्यांतले आठ-दहा आमच्या मेसमध्ये. दोघा भावांना गॅरेजमध्ये सापडलेलं जुनं घड्याळ लिलावात निघतं, बोली चढत जाते, आणि नेमका माझा ब्लीप (कमरेचा पेजर) वाजला. परत आलो तर नावं सरकत होती. “बासष्ट लाख पौंड!” एवढंच नर्सनं सांगितलं. तो लिलाव मी पुरा पाहिला दोन वर्षांनी, घरी, रिपीटमध्ये. बोली चढायला लागली तसा हात आपोआप कमरेला गेला.

लीड्सहून, विद्यार्थी म्हणून आलो तो 2019

हॉल रिकामा, दुकानं बंद, माझ्याकडे मॅगीची दोन पाकिटं. लॅपटॉपवर ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ ही विनोदी मालिका लावली. अर्धे वेल्श, अर्धे एसेक्सचे, काही म्हणता काही कळेना. मग जुने भाग शोधून बघितले. 2024 च्या नाताळात त्याचा शेवटचा भाग लागला तेव्हा घरात सात जण होते आणि मी त्यांना आधीची नाती समजावत होतो. त्या रात्री 1 कोटी 23 लाख लोकांनी तो पाहिला. गंमत म्हणजे, हवं तेव्हा हवं ते बघण्याची सोय असलेला बीबीसीचा आयप्लेअर अधिकृतपणे सुरू झाला तो 25 डिसेंबर 2007 लाच.

स्लाउहून

एवढं कौतुक नको. 2024 साली टीव्ही लायसन्सचे 169.50 पौंड मोजले आणि बघायला काय, तर माझ्या कॉलेजच्या काळातले विनोद. शुद्ध कंजूषपणा!

धागाकर्ती

स्लाउकर, 1986 च्या नाताळातल्या ‘ईस्टएंडर्स’ मालिकेचे 3 कोटी प्रेक्षक सगळे अभिमानानं सांगतात ना? त्यातला डेन बायकोच्या, अँजीच्या, हातात घटस्फोटाचे कागद ठेवतो तो भाग. त्या आकड्यात नंतरच्या रविवारच्या पुनःप्रक्षेपणाचे प्रेक्षकही धरलेत. विक्रमसुद्धा शिळ्या कढीचाच!

लेस्टरकाका, त्या स्प्राउट्सचं पुढे काय झालं?

लेस्टरहून

बाईंच्या कुत्र्यानं हुंगले आणि सोडून दिले. शेवटी मीच उचलले.