मदत हवी आहे: मधातली भाजलेली गाजरं आणि पार्सनिप, वरून कोळसा आणि आतून कच्ची

ओव्हनपीडित
नमस्कार मंडळी. नाताळ आठ दिवसांवर आलाय आणि माझी अब्रू दीड किलो कंदमुळांच्या भरवशावर आहे.

आम्ही इंग्लंडात, लीड्सला राहतो. शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या आजी आहेत. आमच्या दिवाळीच्या चकल्या त्या हक्काने मागून नेतात. यंदा त्यांनी नाताळाच्या दुपारच्या जेवणाला बोलावलंय. एकूण आठ माणसं. टर्की त्यांची, बटाटे त्यांच्या मुलीचे, आणि 'तुम्ही शाकाहारी आहात ना, मग गाजरं-पार्सनिप तुमच्याकडे' असं परस्पर ठरलं. बायको नर्स आहे, रात्रपाळी करून थेट जेवायलाच येणार. म्हणजे स्वयंपाकी मी.

ज्यांनी पार्सनिप पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दिसायला पिवळट पांढरं गाजर. वर मनगटाएवढं जाड, खाली उंदराच्या शेपटीएवढं बारीक. चव गोडसर, किंचित जायफळाकडे झुकणारी. इथे नाताळाच्या ताटात ते मध लावून भाजलेलंच लागतं. नसलं तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं म्हणे.

परवा रंगीत तालीम केली. ७०० ग्रॅम गाजरं, ७०० ग्रॅम पार्सनिप, सगळ्याचे उभे काप. त्यावर तेल, मीठ आणि चार मोठे चमचे मध घालून हाताने कालवलं. एका ट्रेमध्ये पसरलं (खरं तर रचलं). पाककृतीत २०० डिग्री लिहिलं होतं, मी २०० वर ओव्हनचा आतला पंखा लावून ठेवलं. विसाव्या मिनिटाला घरभर करपट वास. तिसाव्या मिनिटाला शेपट्या काळ्या ठिक्कर, जाड तुकडे मात्र दाताखाली लाकूड. आणि गंमत म्हणजे मधल्या ढिगाच्या तळाशी गोड पाणी साचलेलं! एकाच ट्रेमध्ये करपलेलं, कच्चं आणि उकडलेलं असे तिन्ही प्रकार मी साधले. ट्रे दोन दिवस भिजत पडलाय.

नेमकं कुठे चुकलं? मध कमी घालू, की आच कमी करू? आणि आमच्या डब्यात कोल्हापुरी गूळ आहे, मधाऐवजी तो चालेल का?

ठसका
एवढा खटाटोप कशाला? मोहरी-जिऱ्याची फोडणी द्या, दाण्याचं कूट घाला, वर कोथिंबीर. आजी चकल्या विसरतील.

ओव्हनपीडित
@ठसका, माझ्या आईनेही फोनवर अगदी हेच सांगितलं. पण त्यांच्या सणाच्या ताटात त्यांचाच पदार्थ घेऊन जायचाय हो.

मधली_आळी
ओव्हनमधलं मला काही कळत नाही, माझ्याकडे ओव्हनच नाही. पण तुमचं वाचून आमच्या सासूबाई आठवल्या. महाशिवरात्रीला रताळ्याचे गोड काप करतो ना आपण? लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तुपावर रताळ्याच्या चकत्या टाकल्या आणि लगेच गूळ घातला. गुळाचा पाक होऊन करपला आणि चकत्या कडकच राहिल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'गुळात पडलं की शिजायचं थांबतं बाई.' आधी तुपावर झाकण ठेवून चकत्या मऊ करायच्या, सुरी अलगद आत गेली पाहिजे. मग गूळ, वेलची, आणि गूळ विरघळून चकत्यांना लपेटला की उतरवायचं. पाच मिनिटांच्या वर नाही. तुम्हीही मध शेवटी घालून बघा बाळा.

साखरकारखाना
मधली_आळी यांनी मुळावरच बोट ठेवलंय. सासूबाईंच्या वाक्यामागचं कारण सांगतो, नोकरीच पाकात गेली माझी.

साधी साखर १६० डिग्रीच्या आसपास तांबूस व्हायला लागते. मधात मात्र फ्रुक्टोज नावाची साखर भरपूर असते आणि ती ११० च्या आसपासच रंग धरायला लागते. तुमच्या ओव्हनची हवा २०० ची. म्हणजे मधातलं पाणी उडालं की पुढच्या काही मिनिटांत तो सोनेरीवरून काळा होणार, आणि जाड पार्सनिप आतून शिजायला तर अर्धा-पाऊण तास लागतो. दोघांची वेळ जुळणारच नाही. मध कमी घातलात तर कमी मध करपेल, एवढाच फरक. आच फार उतरवलीत तर भाज्या खरपूस न होता नुसत्या वाळतील. प्रश्न किती घालायचा हा नाहीच, कधी घालायचा हा आहे. शेवटची दहा मिनिटं, बस्स.

आता तळाच्या पाण्याचं. गाजरात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते वाफ होऊन उडालं तरच पृष्ठभाग कोरडा होतो, आणि कोरडा झाला तरच तांबूस होतो. तुम्ही दीड किलो भाजी एका ट्रेमध्ये रचलीत. खालच्या तुकड्यांची वाफ वरच्यांनी अडवली, म्हणून मध्यभागी उकडहंडी झाली. कडेच्या तुकड्यांना मोकळी हवा मिळाली, ते जळले. दोन ट्रे घ्या. तुकड्याला तुकडा लागता कामा नये.

तिसरी चूक पंख्याची. पंखा असेल तर साधारण २० डिग्री कमी ठेवायचं. पाककृतीतले २०० म्हणजे तुमचे १८०.

गुळाबद्दल: चालेल. पण किसून, थोडं लोणी आणि चमचाभर पाणी घालून आधी पातळ करून घ्या. खडा तसाच टाकलात तर जिथे पडेल तिथेच चिकटून जळेल.

कोकणकडा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत, तरी रताळं लोण्यासारखं होतं, कारण त्याचीच वाफ आत कोंडते. तुमच्या ट्रेच्या मध्यभागी ही पोपटीच झाली होती राव. पण पोपटीतलं रताळं कधी चकाकत नाही. मऊपणाला बंद तोंड लागतं, चकाकीला उघडं. दोन्ही हवं असेल तर एकामागून एक करावं लागणार.

थेम्सकाठ
वीस वर्षं इथे आहे, दर डिसेंबरला करते. कोकणकडा म्हणतात तसंच, दोन टप्प्यांत.

आधी कापण्याचं बघा. पार्सनिप आडवं अर्धं करायचं. बारीक शेपटी तशीच ठेवायची. जाड डोक्याचे उभे चार भाग, फारच जाड असेल तर सहा, आणि मधला गाभा लाकडासारखा लागला तर सुरीने काढून टाकायचा. तुम्ही वरपासून खालपर्यंत उभे काप केलेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं एक टोक जाड आणि दुसरं काडीसारखं. ते टोक जळणारच.

मग खारट उकळत्या पाण्यात आधी गाजरं टाका, दोन मिनिटांनी पार्सनिप, आणि पुढे चार मिनिटं. पूर्ण शिजवायचं नाही, कडा किंचित मऊ झाल्या की पुरे. चाळणीत निथळा आणि तशीच उघडी ठेवा, वाफ पूर्ण निघून जाऊ द्या. ही पाच-सात मिनिटं कुणीच देत नाही आणि मग ओल्या भाजीवर तेल ओततात. तोवर ट्रेमध्ये तेल घालून ट्रे ओव्हनमध्ये तापवायचा. भाजी पडताना चर्र आवाज आला पाहिजे. पंख्यावर १८० ला अर्धा तास, मध्ये एकदा उलटायची आणि दोन्ही ट्रे वरखाली बदलायचे. मग मध. तुमच्या प्रमाणाला दोन मोठे चमचे मध, २५ ग्रॅम लोणी, चमचाभर दाणेदार मोहरीची चटणी (इथली बाटलीतली, आपली फेसलेली नव्हे). ती मोहरी सोडू नका, नाहीतर जेवणाच्या आधीच गोडाचं ताट होतं.

आणखी एक. डिसेंबरातलं पार्सनिप मुळातच जास्त गोड असतं. जमिनीत थंडी लागली की त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते, म्हणून इथले बागकाम करणारे पहिलं दव गोठेपर्यंत उपटतच नाहीत. चार चमचे मध खरंच जास्त आहे.

ओव्हनपीडित
वा! सगळ्यांचे आभार. आता पुढची अडचण. हे माझ्या घरी शिजणार आणि खायचं शेजारी. फॉइलने झाकून नेलं तर वाफ धरून मऊ पडेल ना? आजींकडे एकच ओव्हन आहे आणि त्यात टर्की बसलेली असणार. आणि चकाकी शेवटच्या क्षणाची हवी. शिवाय पंगतीत एक नऊ महिन्यांची नातही आहे, तिला बिनमिठाची चार गाजरं वेगळी काढेन. मधाचं बोट चाटवलं तर मात्र खूश होईल, आपल्याकडे जातकर्मात चाटवतातच की.

दूधभात
थांबा! बाळाला मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं इथली आरोग्यसेवा स्पष्ट सांगते, आमच्या हेल्थ व्हिजिटरने (बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सने) पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण लहान बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. त्याला बॉट्युलिझम म्हणतात. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर. आणि ते बीजाणू ओव्हनमधल्या भाजण्याने मरतील असं समजू नका. आपल्याकडे चाटवतात हे खरं, माझ्या सासरीही यावरून थोडं झालं होतं. मी ऐकलं नाही.

बाळाची गाजरं मीठ-मध लागण्याच्या आधी, वेगळ्या पाण्यात मऊ शिजवून वेगळ्या डब्यात न्या. एकाच चमच्याने वाढू नका. किंवा मधच टाळा, ट्रेवर मेपल सिरप (मेपल झाडाच्या रसाचा पाक) घाला म्हणजे चुकून तुकडा हाती लागला तरी धास्ती नाही. कुणीतरी ताटातलं भरवतंच.

थेम्सकाठ
दूधभात यांना अनुमोदन. मेपल सिरप मधापेक्षा पातळ असतं, पण शेवटच्या दहा मिनिटांत छान आटतं.

ओव्हनचं सोपं आहे. टर्की बाहेर काढल्यावर लगेच कापत नाहीत. अर्धा-पाऊण तास तरी तशीच ठेवतात म्हणजे रस आत मुरतो. ती वेळ तुमची. घरी अर्ध्या तासापर्यंतचं सगळं उरका, ट्रे उघडाच थंड होऊ द्या, सिरप-लोणी बाटलीत वेगळं न्या. तिथे आधी दहा मिनिटं नुसतं गरम, मग सिरप घालून दहा मिनिटं. फक्त एक करा: आजींच्या मुलीला आधीच फोन करून विचारा, कारण त्याच वेळेवर बटाट्यांचाही डोळा असतो. आणि तुम्ही शाकाहारी आहात तर वरचा कप्पा मागून घ्या, म्हणजे वरून काही ठिबकायची भीती नाही.

बटाट्यांबद्दलही विचारून घ्या बरं का. बरेच जण ते हंसाच्या चरबीत भाजतात. दिसायला अगदी साधेच दिसतात.

ओव्हनपीडित
बटाट्यांचं विचारलं. हंसाचीच चरबी. वाचलो.

आज दुसरी तालीम केली, अर्ध्या प्रमाणात. पार्सनिप अप्रतिम! कडा कुरकुरीत, आत मऊसूत. एका ट्रेला मेपल, दुसऱ्याला मुद्दाम गूळ लावला. गुळाच्या चवीला मेपल उभं राहत नाही हे माझं प्रामाणिक मत, पण रंग फार काळपट येतो. बायको म्हणाली हे करपलंय, आणि मला दहा मिनिटं समजावत बसावं लागलं. तेवढा वेळ नाताळाला कुणी देणार नाही, म्हणून मेपल. गाजरं अजून किंचित कडक होती. ती जरा जाड कापली गेली होती, पुढच्या वेळी तीन मिनिटं आधी टाकेन.

साखरकारखाना
गाजरं बारीक करा, वेळ वाढवू नका. पाण्यात जास्त राहिली की पाणी पितात.

ओव्हनपीडित
२५ डिसेंबर, रात्र. अहवाल देतो.

वरचा कप्पा मिळाला. बटाट्यांशी थोडी झटापट झाली, मुलगी समजूतदार निघाली. बाळाने तिची साधी गाजरं अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या पँटला लावली. ट्रे ओव्हनमधून काढला तेव्हा सगळं असं चकाकत होतं की मी फोटो काढायला फोन शोधायला लागलो.

तेवढ्यात आजींनी ताटात वाढून घेतलं आणि पहिला घास घ्यायच्या आधीच सगळ्यावर टर्कीच्या रसाच्या तपकिरी ग्रेव्हीची पळी ओतली. गाजर, पार्सनिप, चकाकी, सगळं त्याखाली गडप. पाठोपाठ उरलेल्या सगळ्यांनीही तेच केलं. कोरडं खाणारे आम्ही दोघंच.

मधली_आळी
रताळ्याच्या कापांवर आमचे हे दूध ओततात. मीही बोलणं सोडलंय.

ठसका
म्हणून म्हणत होतो, फोडणी द्या.