'डिझाइन'ला 'घाट' म्हणावं का?

पोस्टरं आणि वापरातल्या वस्तूंच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी माहितीफलक लिहितो आहे. अडलोय 'डिझाइन'पाशी. 'आरेखन' म्हटलं की ड्रॉइंगबोर्ड डोळ्यांपुढे येतो, 'अभिकल्प' निविदेतला वाटतो. उदाहरणार्थ, फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कने अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी केलेलं, १९९० साली बाजारात आलेलं लिंबू पिळायचं साधन: तीन काटकुळ्या पायांवर उभं, रस थेट खाली ठेवलेल्या पेल्यात. याचं 'आरेखन सुंदर आहे' असं कोण म्हणेल? आणि अशा वस्तूंना विशेषण कुठलं लावायचं?

*

'घाट' हा शब्द का नको? माझी आजी भांडं घेताना आधी घाट बघायची. तांब्याचा घाट चांगला म्हणजे बूड, पोट, गळा, काठ यांचं एकमेकांशी जमलेलं असणं. ओतताना पाणी अंगावर येत नाही, हेही त्यातच आलं. नक्षी वेगळी, ती वरून काढतात. 'डिझाइन'ला 'नक्षी' म्हणणारे इथे फसतात.

शिवाय 'घाट घालणे' म्हणजे बेत आखणे. आकार आणि बेत, दोन्ही एका शब्दात! पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि टाचा घासायच्या वज्री बघून या. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते, तरी घडवणाऱ्याने त्यातून पक्षी काढला, घोडा काढला. हे बघताना मला दुसरा शब्द सुचतच नाही.

*

तांब्याला ठीक, पण पोस्टरला घाट कसा असेल? सपाट कागदाला मांडणी असते. आणि 'घाट घालणे' नेहमी कौतुकाचं नसतं. 'कशाला एवढा घाट घातलास?' यात नसती उठाठेव असा सूर आहे.

विशेषणाचं म्हणाल तर 'तऱ्हेवाईक' माणसाला लागतं, वस्तूला नाही. 'हटके' चालेल, पण गुळगुळीत झालंय. मी 'अफलातून' घेईन. प्लेटोचं अरबी-फारसी नाव आपल्याकडे येऊन विशेषण झालं, आणि त्यात अचंबाही आहे.

*

'शोभेची वस्तू' मात्र टाळा. मराठीत तिचा अर्थ 'कामाची नाही' असाच होतो.

*

फलकावर 'भित्तीपत्रक' लिहिणार असाल तर थांबा. सुटा शब्द 'भित्ती', पण समासात 'भित्तिपत्रक'. तत्सम पूर्वपदातली वेलांटी ऱ्हस्वच राहते. आणि तीन शब्दांची गल्लत नको: भित्तिचित्र थेट भिंतीवर रंगवतात, भित्तिपत्रक छापून चिकटवतात, भित्तिपत्रिका म्हणजे कॉलेजातलं हस्तलिखित. तरी माझं मत 'पोस्टर'लाच. बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४चं पोस्टर भारतीय सिनेमाचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पोस्टर मानतात. म्हणजे शंभर वर्षं हा शब्द आपल्या भिंतींवर आहे. मूळचे मेस्त्री असलेले बाबूराव तर 'पेंटर' याच आडनावाने ओळखले गेले.

*

एक भर. पोस्टरवरच्या प्रत्येक देखण्या अक्षराला 'सुलेखन' म्हणू नका. सुलेखन लिहिलेलं असतं. तिरप्या कापलेल्या बोरूतून जाड-बारीक रेषा हाताच्या एका ओघात उतरते. अक्षरांकन रेखाटलेलं असतं: आधी पेन्सिल, मग कडा, मग शाई. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं अक्षरांकन होती. नाटक हसवणार की घाबरवणार, हे वर्तमानपत्रातल्या त्या चार अक्षरांवरून कळायचं. अशी कारागिरी दुसऱ्या नावाखाली गेली की मला फार लागतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. वस्तूंच्या दालनाला 'घाट' हेच नाव देतो. पोस्टरांच्या दालनात 'मांडणी' आणि 'अक्षरांकन'. लिंबाच्या साधनाखाली सध्या एवढंच लिहिलंय: 'घाट अफलातून. पेला खाली ठेवायला विसरू नका.'

आता अनेकवचन राहिलं. मी सगळीकडे 'पोस्टरं' लिहिलंय, मुद्रितशोधक 'पोस्टर्स' करून पाठवतात. 'टेबलं', 'पुस्तकं' चालतात, मग 'पोस्टरं' का नाही?